बंद मागाची तसवीर

गिरणगावातल्या जुन्या यंत्रांचे फोटो आता मोठ्या कौतुकाने पाहिले जातात. कॅलेंडरवर, हॉटेलच्या भिंतीवर, चित्रदालनात, कुठेही ते दिसतात. बहुतेक सगळे कृष्णधवल. गंजलेले चाक, तुटलेला पट्टा, धुळीने भरलेला माग, उंच चिमणी आणि तिच्या मागे ढगाळ आभाळ. पाहणारा क्षणभर थांबतो, 'काय दिवस होते' म्हणतो आणि पुढे जातो. ज्यांच्या घरात त्या यंत्रांवर राबलेले माणूस आहे त्यांना मात्र इतक्या सहज पुढे जाता येत नाही. मी अशाच घरातली, म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले.

मी घोडपदेवला राहते आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. घरात आमची बोली दखनी, शेजारीपाजारी मराठी आणि वर्गात उर्दू. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. दादा तिथून मुंबईला आले आणि गिरणीच्या साळखात्यात लागले. पुढे अब्बाही त्याच खात्यात बदली कामगार म्हणून जाऊ लागले. घोडपदेव हा भायखळा, काळाचौकी, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधला भाग. एका अंगाला गिरण्या, दुसऱ्या अंगाला बंदराची गोदामे, कापसाच्या वखारी आणि जहाजे तोडणारा दारूखाना. इथे राहणाऱ्या माणसाला यंत्र ही पाहायला जाण्याची वस्तू नव्हती. भोंग्यावर घरातली चूल पेटायची आणि पाळीवर झोपण्याची जागा ठरायची. आज इथल्या न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेले टॉवर उभे आहेत. नव्या पोरांना 'मिल' म्हटले की इमारतीचे नाव वाटते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. २००१ मध्ये नियमात बदल झाला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये निकाल गिरणीमालकांच्या बाजूने लागला. सुमारे ६०० एकर जमिनीचा हा मामला होता. कामगार बाहेर पडल्यावर आणि बिल्डर आत येण्याआधी जो मधला काळ गेला, त्या काळात कॅमेरेवाले आत शिरले. आज आपण पाहतो त्यातले पुष्कळ फोटो त्याच काळातले आहेत.

याचा अर्थ गिरण्या चालू असताना यंत्रांचे फोटो काढलेच जात नव्हते असा नाही. आपल्या देशात औद्योगिक छायाचित्रणाचा पाया घालणाऱ्यांत मित्तर बेदी यांचे नाव घेतले जाते. ते १९२६ मध्ये लाहोरला जन्मले, मुंबईत काम केले आणि १९८५ मध्ये वारले. कारखाने, भट्ट्या, नळ, टाक्या यांचे त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो पाहिले की स्वातंत्र्यानंतरच्या देशाचा सगळा उत्साह समोर उभा राहतो. पण असे फोटो कंपन्यांच्या सांगण्यावरून काढलेले असत. त्यांतले यंत्र चकचकीत असे आणि माणूस असला तर यंत्राची उंची समजावी एवढ्यापुरता. नंतरच्या फोटोंत यंत्र गंजलेले आहे, पण माणूस तसाच गैरहजर आहे.

कृष्णधवल फोटो डोळ्याला इतका का भावतो, याचाही विचार केला पाहिजे. एक कारण प्रकाशाचे आहे. साळखात्याचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असते आणि प्रत्येक दाताच्या उत्तरेकडच्या अंगाला काच असते. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, सावल्या पडत नाहीत, दिवसभर सारखा मऊ उजेड राहतो. छायाचित्रकार या उजेडावर खूश असतात. पण तो उजेड विणकराला तुटलेली तार दिसावी म्हणून आत घेतलेला होता. तार तुटली आणि दिसली नाही तर कापडात दोष राहायचा आणि दोषाचा दंड पगारातून जायचा. म्हणजे ज्या उजेडाला आपण सुंदर म्हणतो तो खरे तर नजर ठेवण्याचा उजेड होता. फोटोत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवलेली असे. कापसाची धूळ छातीत बसे. शेकडो मागांचा आवाज इतका की शेजारच्याशी ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांनी बोलावे लागे. आमचे अब्बा आजही घरात मोठ्याने बोलतात. नव्या माणसाला वाटते, रागावले आहेत.

दुसरे कारण रंगाचे. रंग काढून घेतला की फोटोतले साल निघून जाते. २००३ मध्ये काढलेला फोटो १९५३ चा वाटू शकतो. गंज लाल न दिसता काळा दिसतो आणि काळा रंग नेहमीच भारदस्त वाटतो. पाहणाऱ्याची समजूत होते की हे सगळे फार पूर्वी, आपोआप, म्हातारपणाने संपले. इथेच फोटो फसवा होतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाला मी अब्बांना घेऊन गेले होते. ते यायला तयार नव्हते. "बंद कारखान्यात काय बघायचं?" म्हणाले. मग आले आणि एका फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. फोटोत एक माग होता, जाळ्याजळमटांनी भरलेला. खाली काळ थांबला आहे अशा अर्थाचे नाव दिले होते. अब्बा बोटाने दाखवू लागले. "हे बघ, बीमवर ताणा तसाच आहे. धोटा पेटीत आहे. कापड अर्ध्यावर आहे. हा माग बंद पडलेला नाही बेटी, बंद केलेला आहे. बंद पडलेल्या मागाचा ताणा काढून ठेवतात." मग जवळ जाऊन म्हणाले, "पितळेचा भाग कोणीतरी काढून नेलाय. भंगारात गेला असणार."

फोटो काढणाऱ्याने प्रामाणिकपणे काढला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला जे काव्य दिसले त्यात अब्बांना एक घटना दिसली. अर्ध्यावर सोडलेले कापड म्हणजे कोणीतरी त्या दिवशी कामावर होते आणि दुसऱ्या दिवशी नव्हते. तो कोण होता, हे त्या चौकटीत नव्हते आणि खालच्या चिठ्ठीतही नव्हते.

जगात या प्रकारच्या छायाचित्रणाच्या दोन वाटा दिसतात. एक जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेशर या पतीपत्नीची. १९५९ पासून पुढची कित्येक दशके त्यांनी पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे कृष्णधवल फोटो काढले. आभाळ ढगाळ असताना, समोरून, सरळ, एकाही माणसाविना. मग एकाच जातीच्या वास्तूंचे फोटो ओळीने लावायचे. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'अनामिक शिल्पे' असा होतो. १९९० मध्ये व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचे बक्षीस मिळाले. त्यांनी टिपलेल्या अनेक वास्तू नंतर पाडल्या गेल्या, फोटो तेवढे राहिले. हे काम मोठेच आहे.

दुसरी वाट अमेरिकेच्या लुईस हाइन यांची. मला ते जवळचे वाटतात, कारण ते शाळामास्तर होते. न्यूयॉर्कच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी ते सूतगिरण्या, काचकारखाने, खाणी हिंडले. मालक आत घेत नसत, म्हणून कधी आग तपासणारा अधिकारी, कधी धर्मग्रंथ विकणारा असे सोंग घेऊन आत जात. आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून ते मुलांची उंची मोजत आणि मुलाचे नाव, वय, काम लिहून घेत. सूत कातणाऱ्या यंत्रांच्या लांबच लांब रांगेपुढे उभी असलेली एवढीशी मुलगी, हा त्यांचा फोटो पाहिला की यंत्र किती मोठे आहे हे कळतेच, पण ती मुलगी किती लहान आहे हेही कळते. बालमजुरीविरुद्ध लोकमत तयार होण्यात त्या फोटोंचा मोठा वाटा होता. हाइन स्वतः १९४० मध्ये हलाखीत वारले.

बेशर यांनी ज्यांना 'अनामिक' म्हटले त्या वास्तू होत्या. आपल्याकडे माणसेच अनामिक राहिली आहेत. म्हणून गिरणगावाला हाइन यांची वाट जास्त गरजेची आहे, असे मला वाटते.

यात आपल्या समाजाचा एक वेगळा प्रश्न आहे. गिरणगाव म्हटले की कोकणातला आणि घाटावरचा मराठी कामगार डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच आहे. पण मुंबईच्या साळखात्यांत मुसलमान विणकरांची संख्या मोठी होती. उत्तरेकडचे मोमीन, ज्यांना जुलाहे म्हणत, हातमाग मोडल्यावर इथे आले आणि मदनपुऱ्यात वसले. घाटावरचे आणि कोकणातले आमच्यासारखेही होते. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख कामगारांच्या सभांमधूनच महाराष्ट्राला कळला. सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चौघांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी होते. १९८२ नंतर रोजी गेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मध्य मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे मुंब्र्याकडे गेली. माणूस वस्तीतून गेला की वस्तीच्या आठवणीतूनही हळूहळू जातो.

हक्क सांगताना पूर्ण हकीकत सांगितली पाहिजे. साळखाते हे जास्त पगाराचे खाते. त्याच खात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार, म्हणून दलितांना तिथे घेऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर धरून लावला. ज्या खात्यात आपले बापजादे मोठ्या संख्येने होते त्या खात्याचा हाही इतिहास आहे. मशिदीत एका सफेत उभे राहणाऱ्यांना तो विसरता येणार नाही. धोट्याचा फोटो पाहिला तर तो किती देखणा असतो! गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना धातूची टोपी. पण त्याच्या बाजूच्या त्या लहानशा भोकात एवढी गोष्ट दडलेली आहे, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक गोष्ट या फोटोंमधून सुटते. माग मेला, असे आपण समजतो. पण मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यांत गेले आणि तिथे पुन्हा चालू लागले. संपानंतर अब्बाही भिवंडीला गेले. आठवड्याला एकदा घरी यायचे. पहिल्या दिवशीच त्यांना तिथे ओळखीचा माग दिसला. चौकटीवरची विलायती कंपनीची ओतीव अक्षरे रंगाखाली बुजलेली होती, पण बोटाला लागत होती. गिरणीत त्या मागाबरोबर कायद्याने ठरलेली पाळी होती, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती. भिवंडीत तोच माग होता, पण बाकीचे काही नव्हते. बारा तास काम, पगार कापडाच्या मीटरवर, झोपायची सोय कारखान्याच्याच माळ्यावर.

म्हणजे ज्या यंत्राचा मुंबईत स्मृतिचिन्ह म्हणून फोटो लागतो, त्याच जातीच्या यंत्रावर पन्नास कोसांच्या आत माणूस उभा असतो. तो माणूस बऱ्याचदा आपल्यातलाच असतो. त्याच्याकडे वारसा म्हणून कोणी पाहत नाही. बंद माग कलावस्तू ठरतो आणि चालू मागावरचा माणूस फक्त मजूर राहतो. मालेगावच्या लोकांनी मात्र एक गंमत केली. त्यांनी कॅमेरा स्वतःच हातात घेतला. तिथे तयार झालेल्या विनोदी सिनेमात मागावर काम करणारा शफिक सुपरमॅन झाला आणि त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जगभर पाहिला गेला. दिवसा मागाच्या आवाजात उभा राहणारा माणूस रात्री काय स्वप्न पाहतो, हे त्यात कळते.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. अहमदाबादच्या गिरण्या बंद पडल्यावर तिथल्या कामगारांचे काय झाले, यावर डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी लिहिले आणि पार्थिव शाह यांनी कृष्णधवल फोटो काढले. ते पुस्तक २००४ मध्ये आले. त्यात यंत्रांइतकीच माणसे आहेत, त्यांची घरे आहेत, बिनकामाचे हात आहेत. हिंदू-मुसलमानांनी एका छताखाली काम करण्याची जागाच गेली, याचा २००२ च्या गुजरातशी काय संबंध आहे, तेही ब्रेमन यांनी लिहिले आहे. त्याच वर्षी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचे गिरणगावच्या कामगारांच्या तोंडी इतिहासाचे पुस्तक आले. त्यात माणसे स्वतःच बोलतात. फोटोला अशी बोलणारी जोड मिळाली की तो पुरावा होतो.

वर्गात मी याचा छोटासा प्रयोग करून पाहिला. आठवीच्या मुलांना सांगितले, आपल्या घरातले कोणी जिथे काम करतात त्या जागेचा आणि तिथल्या हत्याराचा एक फोटो आणा, आणि त्याच्यामागे पाच ओळी लिहा. हल्ली प्रत्येक घरात मोबाइल आहे. फोटो आले. जरीचा अड्डा, बेकरीची भट्टी, बॅगा शिवायचे मशीन, गॅरेजमधला जॅक, दारूखान्यात लोखंड कापायची गॅसबत्ती. बहुतेकांनी मोबाइलमध्येच रंग काढून टाकले होते. विचारले तर म्हणाले, "मॅडम, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांगलं काम वाटतं." मुलांनासुद्धा कळले होते की रंगात जे काम मळके दिसते ते कृष्णधवल केले की इज्जतदार दिसते.

एका मुलीने लेथ मशीनचा फोटो आणला होता. मशीन स्वच्छ पुसलेले, माणूस नाही. तिचे वडील त्याच मशीनवर काम करतात. मी विचारले, "अब्बू कुठे आहेत?" ती म्हणाली, "ते बाजूला झाले. म्हणाले, कपडे काळे झालेत, शाळेत काय दाखवणार." मी तिला फोटो बदलायला सांगितला नाही. फक्त पाच ओळींत अब्बूंचे नाव आणि ते मशीनवर काय बनवतात ते लिहायला सांगितले. तिने पाचऐवजी दीड पान लिहून आणले. त्यासाठी तिला वडिलांजवळ बसून विचारावे लागले होते. आपल्या कामाबद्दल मुलगी विचारते आहे, असे त्या घरात बहुधा पहिल्यांदाच घडले असावे. नंतर पालकसभेला ते आले तेव्हा त्यांनी मला विचारले, "मॅडम, तो कागद परत मिळेल का?"

आपल्या अनेक घरांत भिंतीवर जिवंत माणसाची तसवीर लावत नाहीत. आमच्याही घरात नाही. दादांचा एकच फोटो आहे, गिरणीच्या पासावरचा, नखाएवढा. तो अम्मीने पेटीत ठेवला आहे. पण बेजान वस्तूच्या चित्राला कोणाची हरकत नसते. म्हणून मी मागाचा एक फोटो मोठा करून घरात लावला आहे. अब्बांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "चालेल, याच्यात रूह नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पण याच्यामागे माझं नाव लिही." मी फ्रेम उघडून मागच्या बाजूला दादांचे आणि अब्बांचे नाव, खाते, पाळी आणि साल लिहिले.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले. आमच्या घरापासून ते पायी अंतरावर आहे. अशा जागी यंत्रे ठेवली जातील, त्यांचे मोठमोठे फोटोही लागतील, ते हवेतच. पण प्रत्येक यंत्राशेजारी ते चालवणाऱ्यांची नावे कोण पुरवणार? मालकांच्या दप्तरात हजेरीपुस्तके उरली असतील की नाही, त्यावर विसंबून चालणार नाही. ही नावे आपल्या घरांत आहेत. पासाच्या मागे, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांवर, ईएसआयच्या पुस्तकात आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडात आहेत.

वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या घरात, नात्यात, मोहल्ल्यात गिरणीत, गोदीत, मागावर काम केलेले कोणी हयात असेल तर त्यांच्यापुढे एखाद्या यंत्राचा फोटो ठेवा आणि बोलू द्या. माग कसा सुरू करायचा, तार कशी जोडायची, कोणता जॉबर कसा होता, कोणाबरोबर डबा खायचा, हे सगळे लिहून घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जशी बोली असेल तशी लिहा. आणि फोटोच्या मागे नाव, गाव, खाते आणि साल लिहायला विसरू नका. पेन्सिलने लिहिलेत तरी चालेल. शाईने लिहिलेत तर जास्त बरे.